विनावर्गणी : बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची गोष्ट

१/ साल १९१०. अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरात यंग मेन्स इन्स्टिट्यूट या संस्थेचे ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना एका हिंदी संस्थानिकाचे बोलावणे आले. काम असे होते : सुमारे २० लाख वस्तीच्या संस्थानात राजधानीपासून खेड्यापर्यंत ग्रंथालयांचे जाळे उभारायचे आणि ते सर्वांना विनामूल्य खुले ठेवायचे. संस्थान बडोद्याचे, आणि बोलावणारे महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे).

२/ प्रथमदर्शनी हा बेत विचित्र वाटावा असाच होता. त्या वेळी बडोदे संस्थानातील दर दहापैकी जवळजवळ नऊ जणांना लिहिता-वाचता येत नव्हते. अशा मुलखात शाळा, विहिरी, रस्ते सोडून ग्रंथालयांवर खर्च कशासाठी? याचे उत्तर सयाजीरावांच्या आधीच्या पंचवीस-तीस वर्षांच्या कारभारात सापडते. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

३/ ग्रंथालये मराठी मुलखाला नवी नव्हती. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे. पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकाराने १८४८ साली ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघाली. तेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. गावोगावच्या अशा नेटिव्ह लायब्रऱ्यांनी वृत्तपत्रे, व्याख्याने आणि वादविवाद यांना हक्काची जागा मिळवून दिली. मात्र त्यांचा संसार चालायचा वर्गणीवर. ज्याला वर्गणी परवडे तो सभासद, आणि जो सभासद तोच वाचक. ‘सार्वजनिक’ या शब्दाची व्याप्ती व्यवहारात तेवढीच राहिली.

४/ आता सयाजीरावांकडे वळू. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात १८६३ साली जन्मलेला गोपाळराव हा शेतकरी कुटुंबातला मुलगा. मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी पदच्युत केल्यावर १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतले. तोवर त्याचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. वयाच्या बाराव्या वर्षी, गादीवर बसल्यानंतर, त्याचा खरा अभ्यास सुरू झाला. अक्षरांमुळे माणसाचे जग किती पालटते, हे या राजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

५/ डिसेंबर १८८१ मध्ये राज्यकारभाराची सूत्रे हाती आली. १८९३ मध्ये अमरेली भागातील काही गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये ती सक्ती संपूर्ण संस्थानाला लागू झाली. गोपाळ कृष्ण गोखले ब्रिटिश हिंदुस्थानासाठी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९११ मध्ये कायदेमंडळात मांडत होते, तेव्हा ‘हे आपल्याकडे अशक्य आहे’ म्हणणाऱ्यांना दाखवायला बडोद्याचे उदाहरण हाताशी होते. गोखल्यांचे विधेयक पुढच्याच वर्षी फेटाळले गेले. बडोद्यातल्या शाळा मात्र चालू राहिल्या.

६/ शाळा निघाल्या तशी एक नवी अडचण उभी राहिली. मूल चार इयत्ता शिकून शेतावर किंवा धंद्यावर जाई. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. काही वर्षांत वाचनाची सवय सुटे आणि शिकलेली अक्षरेही पुसट होत. म्हणजे शिक्षणावर खर्च केलेला पैसा पुन्हा निरक्षरतेतच जमा! शाळेने दिलेली ओळख आयुष्यभर टिकवायची तर शाळेबाहेर, सर्व वयाच्या माणसांसाठी वाचायला काहीतरी हवे. ग्रंथालयाची निकड या हिशेबातून निर्माण झाली.

७/ १९०६ आणि १९१० या अमेरिकेच्या दौऱ्यांत सयाजीरावांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. करातून चालणारी, वर्गणी न घेणारी, मुलांसाठी निराळी खोली ठेवणारी ही ग्रंथालये त्यांच्या मनात भरली. आपल्याकडे हे करायचे तर त्या कामाचा जाणकारच हवा, असे ठरवून त्यांनी बॉर्डन यांना आणले. राजांनी परदेशातून शिल्पकार, वैद्य, घोडे, मोटारी मागवल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. ग्रंथपाल मागवणारा राजा विरळा.

८/ बडोद्याच्या जुन्या शहरात, मांडवीजवळच्या सरकारवाड्यात मध्यवर्ती ग्रंथालय थाटले गेले. महाराजांनी लक्ष्मीविलास राजवाड्यातला सुमारे २०,००० ग्रंथांचा खासगी संग्रह त्यात घातला. राजाच्या कपाटातली पुस्तके अशा रीतीने शहराच्या कपाटात आली. वर्गणी ठेवली नाही. जागाही ध्यानात घेण्यासारखी आहे : गोऱ्या छावणीत किंवा राजवाड्याच्या आवारात न नेता ग्रंथालय ऐन बाजारपेठेच्या वस्तीत ठेवले गेले.

९/ पुस्तके घरी नेण्याचा विभाग, संदर्भ विभाग आणि वृत्तपत्रांचे वाचनालय अशी त्याची मांडणी होती. स्त्रियांसाठी स्वतंत्र वाचनालय होते. चारचौघांत बसून वर्तमानपत्र वाचणे ज्या काळात बाईमाणसाला अवघड होते, त्या काळात ही सोय नावापुरती नव्हती. मुलांच्या विभागात पुस्तकांबरोबर खेळही ठेवले होते. मूल खेळायला यावे आणि पुस्तकाला हात लावून जावे, असा त्यामागचा साधा विचार.

१०/ बॉर्डन यांनी आणखी दोन पायाभूत गोष्टी केल्या. पहिली वर्गीकरणाची. अमेरिकेतील कटर आणि ड्युई या दोघांच्या पद्धतींचा मेळ घालून त्यांनी बडोद्यासाठी वेगळी पद्धत बसवली. दुसरी प्रशिक्षणाची. १९११ मध्ये त्यांनी ग्रंथपालांसाठी वर्ग सुरू केला आणि हिंदुस्थानात ग्रंथपालन हा शिकण्याचा विषय झाला. तोवर ग्रंथपाल म्हणजे किल्ल्यांचा जुडगा सांभाळणारा कारकून, अशीच समजूत होती.

११/ १९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघाले. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत असे. ग्रंथालय या विषयाला वाहिलेले हिंदुस्थानातले हे पहिले नियतकालिक मानले जाते. प्रजेची मुख्य भाषा गुजराती, राजघराण्याची आणि कारभारातल्या मोठ्या वर्गाची मराठी, जगाशी संपर्काची इंग्रजी : बडोद्याचे बहुभाषिक जीवनच त्याच्या पानांवर उतरले होते.

१२/ बॉर्डन १९१३ मध्ये मायदेशी परतले. परदेशी तज्ज्ञ गेला की त्याचे काम बसते, हा अनेक संस्थानांचा अनुभव. बडोद्यात तसे झाले नाही, कारण हाताखालची माणसे तयार झाली होती. जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी धुरा उचलली आणि १९१९ मध्ये या चळवळीचा इतिहास इंग्रजीत पुस्तकरूपाने लिहिला. त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त यांनी ग्रंथालय खाते सांभाळले.

१३/ शहराचे झाले, खेड्यांचे काय? बडोदे संस्थान सलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी, अमरेली हे प्रांत एकमेकांपासून तुटलेले, मध्ये इंग्रजी मुलूख नाहीतर दुसरी संस्थाने. अशा राज्यात राजधानीतले ग्रंथालय कितीही समृद्ध असले, तरी अमरेलीच्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग? म्हणून ग्रंथालयच त्याच्याकडे पाठवायचे ठरले.

१४/ फिरत्या ग्रंथालयाची ही योजना अगदी साधी होती. मजबूत लाकडी पेटीत साधारण १५ ते ३० पुस्तके भरायची आणि गावाकडून मागणी आली की पेटी रवाना करायची. ठरलेल्या मुदतीने ती परत यायची आणि दुसरी जायची. नेण्या-आणण्याचा खर्च ग्रंथालय खाते सोसत असे. गावाला काही द्यावे लागत नसे. एकाच संग्रहातली पुस्तके अशी गावोगाव फिरत राहत आणि ठिकठिकाणी तीच पुस्तके विकत घेण्याचा खर्च वाचे.

१५/ पेटीने वाचनाची गोडी लावली की पुढची पायरी गावाच्या स्वतःच्या ग्रंथालयाची. इथे बडोद्याने जो नियम केला, तो या साऱ्या व्यवस्थेचा कणा होता. गावाने वर्षाला १०० रुपयांपर्यंत रक्कम जमवली की तेवढीच रक्कम ग्रंथालय खाते देणार आणि तेवढीच स्थानिक पंचायत मंडळ देणार. कसब्याच्या ग्रंथालयासाठी ही मर्यादा ३०० रुपये, तर प्रांताच्या मुख्य ठिकाणासाठी ७०० रुपये होती.

१६/ हिशेब पाहिला तर गावाचा एक रुपया तीन रुपयांचे काम करी. पण पहिला रुपया गावाचाच हवा, ही अट सुटत नसे. सरकारने आयते बांधून दिलेले ग्रंथालय आणि लोकांनी पै-पैसा घालून उभे केलेले ग्रंथालय यांत मोठा फरक असतो. पहिल्याला कुलूप लागले तर सरकारकडे बोट दाखवता येते. दुसऱ्याचा जाब गावकरी एकमेकांना विचारतात. वाचणाऱ्याकडून वर्गणी घ्यायची नाही आणि गावाकडून वाटा मात्र घ्यायचाच, असा हा तोल होता.

१७/ हा तोल कागदावर राहिला नाही, याचे श्रेय मोतीभाई अमीन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांना जाते. पेशाने शिक्षक असलेल्या मोतीभाईंनी चरोतरच्या गावांत ‘मित्रमंडळ’ वाचनालये काढण्याचे काम सरकारी योजनेच्या आधीच सुरू केले होते. पुढे त्यांनी संस्थानाच्या ग्रंथालय खात्यातही काम केले. खेड्यातल्या ग्रंथालयांना पुस्तके आणि साहित्य रास्त दरात मिळावे म्हणून सहकारी मंडळही उभे राहिले. गुजरातेत ग्रंथालय चळवळीचे जनक म्हणून आजही त्यांचेच नाव घेतले जाते. राजाने वाट आखली खरी, पण त्या वाटेवर चालणारी माणसे गावांतून आली.

१८/ आणि ज्यांना वाचताच येत नव्हते त्यांचे काय? त्यांच्यासाठी खात्याने दृश्यशिक्षणाची वेगळी शाखा काढली. मॅजिक लँटर्नच्या काचचित्रांचे खेळ, दुहेरी चित्रे दाखवणारे स्टिरिओस्कोप आणि चलच्चित्रे घेऊन तिची माणसे गावोगाव जात. रात्री पडद्यावर दूरदेशीची शहरे पाहायला जमलेल्या गर्दीत अक्षरशत्रू आणि पंडित एकाच अंधारात बसत. वाचता येणे ही ग्रंथालयात येण्याची अट असू नये, हा विचार १९१० च्या दशकात पुष्कळच पुढचा होता.

१९/ ग्रंथालये झाली, पण त्यांत ठेवायला मातृभाषेतली पुस्तके कुठे होती? विज्ञान, इतिहास, आरोग्य, अर्थकारण या विषयांवर सोप्या गुजराती वा मराठीत फारसे काही नव्हते. त्यासाठी सयाजीरावांनी दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढला. त्याच्या व्याजातून ‘श्री सयाजी साहित्यमाला’ आणि मुलांसाठी ‘श्री सयाजी बालज्ञानमाला’ या ग्रंथमाला निघाल्या. मराठी साहित्य संमेलनाने १९३२ मध्ये कोल्हापुरात त्यांना अध्यक्षपद दिले, त्यामागे हा सगळा संसार होता.

२०/ ग्रंथालयाच्या संस्कृत विभागाने वेगळाच इतिहास घडवला. अनंतकृष्ण शास्त्री यांनी ठिकठिकाणी हिंडून हस्तलिखिते जमवली. चिमणलाल दलाल यांनी पाटणचे जैन ग्रंथभांडार धुंडाळले. पाटण तेव्हा बडोदे संस्थानातच होते. शतकानुशतके कुलुपात जपलेल्या पोथ्या प्रकाशात येऊ लागल्या. ‘गायकवाड्स ओरिएंटल सिरीज’ या ग्रंथमालेत राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’ची आवृत्ती १९१६ मध्ये पहिला ग्रंथ म्हणून निघाली. हाच विभाग १९२७ मध्ये ओरिएंटल इन्स्टिट्यूट म्हणून स्वतंत्र झाला. बाजारातले वर्तमानपत्र वाचणारा आणि ताडपत्रावरचे अक्षर लावणारा, दोघेही काही वर्षे एकाच संस्थेचे वाचक होते.

२१/ इथवरची गोष्ट अभिमानाची आहे. तिला दुसरी बाजूही आहे. सप्टेंबर १९१७ मध्ये डॉ. भीमराव आंबेडकर बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. शहरात अस्पृश्याला भाड्याने खोली मिळेना. अखेर पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. वरच्या मजल्यावरच्या ओसाड दालनात, कंदिलाच्या उजेडात, वटवाघळांच्या चिरचिराटात ते पुस्तके वाचून एकटेपण विसरू पाहत होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात हे सारे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

२२/ अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेले पारशी तिथे आले आणि त्यांना बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागून पाहिला. दोन्हीकडे तो मिळाला नाही. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. मधले पाच तास त्यांनी कमाटीबागेत बसून काढले. ती बागही सयाजीरावांनीच प्रजेसाठी खुली केलेली! ज्या शहरात सर्वांसाठी विनामूल्य ग्रंथालय सात वर्षे चालू होते, त्याच शहरात त्या काळातल्या सर्वांत व्यासंगी वाचकांपैकी एकाला रात्र काढायला छप्पर मिळाले नाही.

२३/ यावरून सयाजीरावांचे काम ढोंगी होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आंबेडकरांच्या शिक्षणाला हात देणारेही तेच होते. पण या प्रसंगातून एक मर्यादा स्पष्ट दिसते. राजाज्ञेने वर्गणी रद्द होते, भिंती बांधल्या जातात, पेटीचे रेल्वेभाडे भरले जाते. माणसाने माणसाला दारात उभे करायचे की नाही, हे मात्र आज्ञेने ठरत नाही. सार्वजनिक जागा निर्माण करणे आणि ती वापरणारा समाज सार्वजनिक वृत्तीचा करणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिले काम बडोद्याने वीस वर्षांत केले. दुसरे कुठल्याच शहराचे पुरे झालेले नाही.

२४/ काम वाढत गेले. १९३१ मध्ये मध्यवर्ती ग्रंथालयाची आजची इमारत उभी राहिली. आत लोखंडी मांडण्यांचे मजले आणि त्यांना जाड काचेची जमीन. वरचा उजेड काचेतून खालच्या मजल्यापर्यंत झिरपतो, आणि लाकूड टाळल्यामुळे आगीचे भयही कमी. फेब्रुवारी १९३९ मध्ये सयाजीरावांचे निधन झाले, त्या सुमारास संस्थानातल्या ग्रंथालयांची संख्या हजारावर गेलेली होती.

२५/ तरीही या इमारतीला एक पाया कमी होता : कायद्याचा. बडोद्याची सारी व्यवस्था राजाच्या हुकमावर आणि खात्याच्या नियमांवर चालत होती. ग्रंथालयाचा कायदा करणारे पहिले संस्थान ठरले ते कोल्हापूर, १९४५ मध्ये. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पाठीशी उभा राहणारा राजाही राहिला नाही आणि कायदाही नव्हता. पुढे गुजरात राज्याने ग्रंथालय कायदा केला तो २००१ मध्ये. बॉर्डन यांच्या आगमनानंतर तब्बल ९१ वर्षांनी.

२६/ महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. आपल्या गावातल्या वाचनालयाच्या पाटीवर ‘शासनमान्य, क वर्ग’ किंवा ‘ड वर्ग’ असे लिहिलेले अनेकांनी पाहिले असेल. लोकांनी संस्था चालवायची आणि सरकारने अनुदान द्यायचे, ही त्यामागची रीत बडोद्याच्या वाट्याच्या तत्त्वाशी नाते सांगते. फरक एक आहे. बडोद्याने वाचकाकडून वर्गणी घेतली नाही. आपल्याकडील बहुतेक वाचनालये आजही ती घेतात आणि पहिल्या दिवशी अनामतही मागतात.

२७/ रक्कम किरकोळ असते, हे खरे. पण दोन मुलांची वर्गणी वर्षभर भरायची की त्या पैशांत वह्या घ्यायच्या, असा विचार करणारी घरे आजही आहेत, आणि त्या घरांतली मुले वाचनालयाच्या पायरीपर्यंत येतच नाहीत. त्यांची नोंद कुठल्याच सभासद-वहीत नसते, म्हणून त्यांची अनुपस्थिती कोणाच्या लक्षातही येत नाही. १९१० च्या बडोद्याने नेमका त्यांचाच विचार आधी केला होता.

२८/२८ मांडवीजवळचे ते ग्रंथालय आजही चालू आहे. बडोद्याला गेल्यावर लक्ष्मीविलास राजवाडा सगळेच पाहतात. वेळ काढून या ग्रंथालयातही जावे. राजवाड्यातली हजारो पुस्तके एकदा शहराच्या मालकीची झाली, ती इथेच.